कानापर्यंतचा हात

नवव्या दिवशी सकाळी धर्मेंद्र चहाचा कप घेऊन ओसरीवर येऊन बसला, आणि आठ दिवसांच्या रडारडीत, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पाहुणचारात जे रीताच्या लक्षात आलं नव्हतं ते एकदम तिच्या डोळ्यांत भरलं. नवऱ्याचं डोकं काळं कुळकुळीत होतं आणि दाढी पांढरीशुभ्र. सासरे अण्णाजी गेले त्याच्या आदल्याच दिवशी तिने बोरगाव मेघेच्या आपल्या घरी, मोरीत स्टुलावर बसवून त्याच्या केसांना कलप लावला होता. दाढी तर तो रोज करायचा. पण बापाला अग्नी दिलेल्या लेकाने दहाव्यापर्यंत वस्तऱ्याला हात लावायचा नाही, म्हणून आठ दिवसांत ती आपल्या मनाने वाढली आणि जे लपवायचं होतं ते सगळं सांगून बसली.

एरवी हे पाहून रीता हसली असती. पण आज दुपारी चार वाजता धर्मेंद्रची मुलाखत होती.

सूतगिरणी बंद होऊन त्याला घरी बसून सव्वा वर्ष झालं होतं. इतकी वर्षं मेंटेनन्स सांभाळलेला माणूस सकाळी उठून आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खोलीत मोबाईल घेऊन बसे. बुटीबोरीकडच्या कंपन्यांतून सुरुवातीला फोन येत, गोड बोलत, वय विचारत आणि मग येत नसत. हिंगण्याच्या एमआयडीसीत एका ठिकाणी तर गेटवरच्या पोराने त्याला कोणाचे तरी वडील समजून डबा कुठे ठेवायचा ते दाखवलं होतं. हे त्याने रीताला सांगितलं नव्हतं, त्याला घेऊन गेलेल्या गाडीच्या ड्रायव्हरने सांगितलं होतं. त्या दिवसानंतर कलप घरात आला. आणि आता एका सूतगिरणीने स्वतःहून वेळ दिली होती, व्हिडिओवर, तीही नेमकी सुतकात.

"दाढी करून घ्या," ती हळूच म्हणाली. "एक दिवसाचा तर फरक हाय. उद्या तं करायचीच हाय."

तिने आवाज लहान ठेवला होता, पण हिंगणीच्या त्या गावाकडच्या घरात भिंतींपेक्षा माणसं जास्त होती. मोहिनीने आतूनच ऐकलं. धर्मेंद्रची ही बहीण कारंज्याला दिलेली, नवऱ्याचं हायवेवर टायरचं दुकान, आणि ट्रकवाल्यांशी बोलून बोलून तिचा आवाज कमावलेला. ती ओसरीवर आली तीच पदर खोचून. म्हणाली, वहिनी, माझा बाप उद्या दहा दिवसांचा होईल, त्याला दहा दिवस तरी पुरते मिळू द्या. धाकटा धनंजय, जो गावी राहून शेती करतो आणि ज्याने अण्णाजींचं शेवटचं सगळं केलं होतं, तो बैलांना पाणी दाखवून येत होता. त्यानेही बहिणीचीच बाजू घेतली. नदीवर उद्या सगळी भावकी येणार, मोठ्या लेकाची दाढी आधीच गुळगुळीत पाहून काय म्हणतील.

"भाऊबंद पगार देनार हायेत का?" रीता म्हणाली, आणि लगेच तिला वाटलं आपण बोलायला नको होतं. दिराने आठ दिवस चाळीस माणसांचं रांधणं चालवलं होतं, तेही एका शब्दाने न बोलता.

धनंजयला राग आला नाही. तो खाली बसला आणि त्याने जरा विचार केल्यासारखं करून विचारलं, "पन वहिनी, मले एक समजत नाई. पांढरी दाढी दिसली तं त्यायचं काय बिघडते? मशीन का दाढीनं चालवा लागते?"

हे खरं म्हणजे आचलला विचारायला हवं होतं, आणि सगळ्यांनी तिच्याकडेच पाहिलं.

धर्मेंद्र-रीताची आचल नागपुरात कंपन्यांना माणसं पुरवणाऱ्या एका ऑफिसात होती. दिवसभर कानाला हेडफोन लावून उमेदवारांशी बोलायचं आणि पाचातला एक पुढे पाठवायचा, हे तिचं काम. बाबांचा बायोडाटा तिनेच बनवला होता. पहिल्या तेरा वर्षांच्या नोकऱ्या तिने उडवल्या, डिप्लोमाचं साल काढलं, जन्मतारीख काढली, आणि बाबांच्या हाताखाली शिकून गेलेल्या साठ-सत्तर पोरांचं जे एक वाक्य बाबांनी हौसेने लिहिलं होतं तेही काढलं. तेवढी पोरं शिकवणारा माणूस तरुण कसा असेल.

काकाच्या प्रश्नावर ती जे बोलली ते तिने बाबांसमोर कधी बोललं नव्हतं. कंपन्या तोंडाने वयाचं कारण देत नाहीत, ती म्हणाली. जोश हवा म्हणतात, नवं शिकणारा हवा म्हणतात, टीममध्ये मिसळणारा हवा म्हणतात. त्याचा अर्थ पंचेचाळीसच्या वरचा नको, हे तिच्या ऑफिसात पहिल्याच आठवड्यात शिकवतात.

"मंग तू काय करतं अशायचं?" धर्मेंद्रने विचारलं. त्याच्या आवाजात आरोप नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. सव्वा वर्ष तो फोनच्या ह्या टोकाला होता, त्या टोकाला काय घडतं ते पाहणारी त्याच्याच घरात जेवत होती.

"बाजूले ठेवतो," आचल म्हणाली. "म्हणतो, कळवतो तुमाले."

"आनि कळवतं?"

"नाई, बाबा."

धर्मेंद्रने मान हलवली. त्याला एक कोडं सुटल्यासारखं वाटलं असावं, पण आचलला मात्र तिथून उठून जावंसं वाटलं. तिने विषय बदलायला मोबाईल काढला. फिल्टर नावाची एक सोय असते, त्यात दाढी काळी करता येते, ती म्हणाली. मोहिनीला ही गोष्ट एकदम पटली. वस्तरा लागत नाही, म्हणजे सुतक मोडत नाही, आणि दाढी काळी. पाहता पाहता ती वहिनीच्या पक्षात गेली आणि तिने स्वतःच भावाला उजेडाकडे तोंड करून बसवलं. फिल्टरने दाढी काळी केली हे खरं, पण सोबत ओठही लाल केले आणि भुवया कोरल्या. धनंजय बराच वेळ त्या चित्राकडे पाहत राहिला आणि म्हणाला की दादा दंडारीच्या खेळात नाचणाऱ्या बाईसारखा दिसून राह्यला. नऊ दिवसांत त्या घरात पहिल्यांदा कोणीतरी हसलं, आणि मग सगळ्यांनीच चोरट्यासारखं आतल्या खोलीकडे पाहिलं.

आतल्या खोलीत धर्मेंद्रच्या आई, सुमित्राबाई, बसून होत्या. त्यांना ऐकू बरं येत होतं. बांगड्या गेल्यापासून हात हलके वाटत आणि कुठे ठेवावेत ते कळत नसे, म्हणून त्या आजकाल मांडीवर एकावर एक ठेवून बसत. बाहेर चाललेलं त्यांना अर्धं समजत होतं आणि उरलेल्याचं कुतूहल होतं. त्यांना स्वतःला तीनदा पाहायला आले होते. तेव्हा चालून दाखव, सुई ओवून दाखव असं असायचं. आता लेकाला पाहायला येणार होते, आणि तेही मोबाईलमधून. त्या भिंतीला धरून उठल्या आणि ओसरीवर आल्या.

"त्यायले किती वयाचा पाह्यजे?" त्यांनी विचारलं.

रीताने सांगितलं की पन्नासच्या आतला मिळाला तर त्यांना बरंच, आणि अठ्ठावन्नला तर सगळीकडेच घरी बसवतात. "हे तं मागच्या महिन्यात छप्पन झाले."

"कोन छप्पन?"

"हे. तुमचा लेक."

सुमित्राबाईंनी लेकाकडे पाहिलं, मग सुनेकडे. "अजून छप्पनच हाय काय तो?" असं म्हणून त्या हसल्या. नवरा गेल्यानंतर पहिल्यांदाच, आणि ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही. "बापा, याले या पोळ्याले अठ्ठावन्न पुरे होते. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी झाला हा. बाहेर पोट्टे लाकडाचे बैल घेऊन फिरत होते आनि मी आत."

मोहिनी म्हणाली, आई, तुझा काहीतरी घोळ होतो आहे, दादाची तारीख एक जुलै आहे. सुमित्राबाई म्हणाल्या, गावातल्या अर्ध्या माणसांची एक जुलै आहे, सगळ्यांच्या माया एकाच दिवशी बाळंत झाल्या होत्या का. कालव्याचं पाणी आपल्या वावरात पहिल्यांदा आलं ते ह्याच्या जन्माच्या साली, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. धनंजयने ते ऐकलं आणि तो उभाच राहिला. वावराशेजारी कालव्यावरच्या मोरीवर, म्हणजे छोट्या पुलावर, तिघं भावंडं लहानपणी पाय सोडून बसत, त्या मोरीच्या दगडावर साल कोरलेलं होतं. एकोणीसशे सदुसष्ट. त्याने बोटांवर मोजलं, मोहिनीने मोजलं, आचलने मोबाईलवर केलं, आणि तिघांचंही एकच आलं.

"मंग शाळेत दोन वर्षं कमी कोनं लावले?" धर्मेंद्र म्हणाला.

"तुयाच बापानं."

आणि मग सुमित्राबाईंनी सांगितलं. तेव्हा ते वावरातल्या झोपडीत राहत, मधल्या नाल्याला पाणी असे, म्हणून पोरगा आठ वर्षांचा होईतो शाळेत गेलाच नव्हता. अण्णाजींचा एक चुलतभाऊ तहसिलीत चपराशी होता. त्याने कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं की नोकरीवाल्याला कागद घरी बसवतो, हातपाय नाही. ते वाक्य अण्णाजींच्या डोक्यात बसलं. ह्या पोराला नोकरीच लावायची हे त्यांचं तेव्हाच ठरलं होतं. "मले म्हने, कास्तकाराले कोनी घरी बसवत नाई. याले एक दिवस बसवतीन. तं मी याच्यासाठी आत्ताच दोन वर्षं काढून ठेवतो."

पण पोरगा अंगाने भरलेला. आणि गुरुजी तर जन्मतारीख विचारत नसत, ते पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाकडे न्यायला सांगत. बोटं कानाला टेकली की सहा वर्षं पूर्ण; सगळा कान धरता आला तर पोरगा त्याहून मोठा.

धर्मेंद्रने कप खाली ठेवला.

त्याला तो रस्ता आठवला. नाल्याकाठचं कडुनिंबाचं झाड, त्याखाली त्याला उभं करून अण्णाजी उकिडवे बसलेले. उजवा हात डोक्यावरून ने. हां. आता टेकव, पण धरू नको. त्याची बोटं सहज जाऊन कान धरत आणि अण्णाजी दर वेळी कोपर खाली ओढून म्हणत, टेकव रे, धरू नको. खूप वेळ चाललं होतं ते. त्याला तो खेळ वाटला होता. नंतर आचल लहान असताना त्याने तिलाही ही गोष्ट सांगितली होती, आणि तिने विचारलं होतं की धरला असता तर काय झालं असतं. पन्नास वर्षं त्याला वाटत आलं होतं की शाळेत जाताना सगळेच बाप असं करून घेत असतील.

"म्हंजे आमी जे वर्षभरापासून करून राह्यलो," रीता हळूच म्हणाली, "ते त्यायनं आधीच करून ठेवलं."

आचलच्या मनात आलं की आजोबा तिच्या ऑफिसात असते तर फार पुढे गेले असते. मोहिनीचे डोळे भरले होते, पण ती भरल्या डोळ्यांनी हिशेब करत होती. दादाच्या पन्नाशीला सगळ्यांनी वर्ध्याच्या हॉटेलात जेवण केलं होतं, म्हणजे तेव्हा तो बावन्न वर्षांचा होता, आणि केक उगाच कापला.

"दाढी राहू द्या," धर्मेंद्र म्हणाला. "उद्या नदीवरच करीन."

रीताने त्याचा खाली ठेवलेला कप उचलला आणि आत नेला.

चार वाजता धर्मेंद्र गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ बसला, कारण रेंज तिथेच यायची. पलीकडे बोरचं जंगल पावसाळ्याने गच्च झालं होतं. सगळ्यांना खालीच थांबायला सांगितलं होतं. सगळे जिन्यात बसले होते. सुमित्राबाईंना वरच्या पायरीवर जागा दिली होती, कारण पाहुणे कसे दिसतात ते त्यांना पाहायचं होतं.

पडद्यावर दोघं आली. एक हसरी मुलगी, आणि एक पस्तिशीचा चष्मेवाला, जो प्लांट हेड होता. पहिली दहा मिनिटं यंत्रांबद्दल गेली आणि बरी गेली. मग धर्मेंद्रच्या बोलण्यात एका जुन्या गिरणीचं नाव आलं आणि चष्मेवाल्याने बायोडाटा खालीवर करून पाहिला.

"सर, ये तो आपके रिझ्युमे में नहीं है."

"बेटी ने काट दिया," धर्मेंद्र म्हणाला. "बोली, ज़्यादा लंबा हो रहा है."

जिन्यात आचलने कपाळाला हात लावला. पण चष्मेवाला हसला, आणि मग जरा चाचरत त्याने दाढीबद्दल विचारलं. केस आणि दाढी एका माणसाची वाटत नव्हती, ते त्यालाही दिसत असणार. धर्मेंद्रने सांगितलं की वडील गेले, आज नववा दिवस, केसांना कलप तुमच्यासारख्यांसाठी लावला होता, दाढीला लावायचं राहिलं. मुलगी एकदम गंभीर होऊन म्हणाली की त्यांनी कळवलं असतं तर तारीख पुढे नेली असती. धर्मेंद्र म्हणाला, मॅडम, माझ्या वयाच्या माणसाने तारीख पुढे न्या म्हटलं तर तारीखच जाते. तिने खाली पाहिलं. आचलनेही.

मग तो प्रश्न आला जो धर्मेंद्रला आतापर्यंत प्रत्येक ठिकाणी विचारला गेला होता. तुमच्यावर तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान माणूस असेल, तुम्ही त्याचं ऐकाल का. दर वेळी तो याचं पाठ केलेलं उत्तर देई. आज त्याला जिन्यात कडेला टेकलेला धनंजय दिसला, कुडत्याच्या बाह्या वर केलेला, डोळे तांबारलेले.

"ह्या घरात मी मोठा," त्याने हिंदीतच सांगितलं. "पण गावी राहिला तो धाकटा. बापाची सगळी सेवा त्याने केली. नऊ दिवस झाले, तो सांगतो तिथे मी बसतो, तो म्हणतो तेव्हा जेवतो. त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मला काही जड गेलं नाही."

धनंजय उठून खाली निघून गेला.

मग चष्मेवाल्याने खरं ते सांगितलं. त्याच्याकडे पोरं येतात, सहा महिन्यांत काम शिकतात आणि पुण्याला निघून जातात. तिसरी शिफ्ट सांभाळायला टिकणारं कोणी नाही. फक्त कंपनीचा नियम अठ्ठावन्नचा आहे, त्यात त्याच्या हातात काही नाही. "सर, आपकी डेट ऑफ बर्थ?"

सकाळपासून धर्मेंद्रकडे दोन तारखा होत्या. एक आईने दिलेली आणि एक बापाने. त्याने जिन्याकडे पाहिलं. सुमित्राबाईंनी काही खूण केली नाही, त्या नुसत्या पाहत होत्या, पोरगं काय म्हणतं याची त्यांनाही उत्सुकता होती.

"पहली जुलाई, उनहत्तर," तो म्हणाला. आणि मग जरा वेळाने, "काग़ज़ पे."

"काग़ज़ ही देखना है, सर," चष्मेवाला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बोर नदीवर सगळी भावकी जमली. धर्मेंद्र आणि धनंजय एकमेकांशेजारी बसले आणि मुकेश न्हाव्याने आधी थोरल्याला घेतलं. काळे केस ओल्या वाळूवर पडत गेले आणि मुळापाशी प्रत्येक केस पांढरा होता. दाढीही गेली. वस्तरा पुसता पुसता मुकेश म्हणाला की भाऊ, आता तुमचं वय सांगता येत नाही. सुमित्राबाई बायकांमध्ये चिंचेखाली बसल्या होत्या.

पिंडाचं सगळं आटोपल्यावर, माणसं हातपाय धुऊन निघायच्या बेतात असताना, आचलच्या हातातला बाबांचा मोबाईल वाजला. तिने घेतला. ही कामाची बोलणी ती रोज दुसऱ्या बाजूने करत असे, त्यामुळे कालच्या त्या हसऱ्या मुलीने कुठलं वाक्य कशासाठी म्हटलं ते तिला लगेच कळत होतं. तिने दोनदा हो म्हटलं, एकदा थँक्यू म्हटलं आणि बाबांकडे आली.

"झालं, बाबा. एक तारखेपासून. पन करार हाय. अठ्ठावन्न पुरे होईपर्यंत, त्याच्या पुढे वाढवून नाई देणार म्हणे."

"म्हंजे किती?" मोहिनीने विचारलं.

"दोन वर्षं."

"दोनच?" मोहिनी म्हणाली आणि तिथेच थांबली. रीताने तोंडाला पदर लावला. धनंजय आपल्या नव्याने बोडक्या झालेल्या डोक्यावर पाणी घेत होता, तो तसाच ओंजळ धरून राहिला. पोळा आठवड्यावर आला होता. खरं धरलं तर थोरल्या भावाची नोकरीची वर्षं ह्या पोळ्याला संपत होती, आणि ही जी सुरू होणार होती ती मुळात त्याची नव्हतीच.

धर्मेंद्र आईजवळ जाऊन चिंचेखाली बसला. दहा दिवस तो रडला नव्हता. मोठा म्हणून सगळ्यांना आवरत राहिला होता. आता त्याला बापाची फार आठवण आली. बराच वेळ गेल्यावर त्याने उजवा हात उचलला, गुळगुळीत डोक्यावरून पलीकडे नेला आणि बोटं डाव्या कानाला नुसती टेकवली. तशीच ठेवली.

सुमित्राबाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

"आता धर," त्या म्हणाल्या.